समुपदेशन कक्षाची जबाबदारी अंगावर आली आहे, सुरुवात कुठून करायची?

फळा_डस्टर

तालुक्याच्या ठिकाणचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय. पटावर साधारण १४०० मुलंमुली, त्यांतली २०० वसतिगृहात. यंदापासून समुपदेशन कक्षाचं काम माझ्याकडे आलं आहे. माझा विषय भूगोल.

हाताशी आहे ते असं: प्राचार्यांच्या दालनाला लागून प्लायवूडचं पार्टिशन घातलेली खोली, मधोमध एक टेबल, त्यावर एक रजिस्टर (नाव, वर्ग, रोल नंबर, 'समस्येचे स्वरूप', सही), आठवड्यातून दोन दिवस येऊ शकतील अशा बाहेरच्या एक समुपदेशक, आणि मेंटॉर-मेंटी फॉर्मांचे (प्रत्येक शिक्षकाकडे नेमून दिलेल्या मुलांच्या माहितीचे) गठ्ठे. गेल्या वर्षी रजिस्टरात एकूण ९ नावं, पैकी ६ नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीच्या आठवड्यातली.

व्याख्यानं, पोस्टर स्पर्धा, १० ऑक्टोबरची (जागतिक मानसिक आरोग्य दिनाची) रॅली हे सगळं होतंच. मला हवं आहे ते वेगळं. मुलं येत नाहीत ती का, दोन दिवसांत किती जणांना न्याय देता येईल, एखादा मुलगा शिक्षकापाशी 'जगावंसं वाटत नाही' म्हणाला तर त्या शिक्षकाने त्या क्षणी नेमकं काय करायचं, आणि घरी कधी कळवायचं. सगळ्या मुलांना गूगल फॉर्मवर नैराश्याची चाचणी भरायला लावावी अशीही एक सूचना स्टाफ मीटिंगमध्ये आली आहे. ती कितपत बरोबर?

दोन_खुर्च्या (महाविद्यालयीन समुपदेशक)

ते रजिस्टर आजच कपाटात टाका. मुलं का येत नाहीत याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. पुढच्याला आधीच्याचं नाव आणि 'स्वरूप' दिसतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचलंच.

त्याऐवजी नोंदी तीन जागी ठेवा. भेटवहीत तारीख, वेळ, सांकेतिक क्रमांक आणि पहिली भेट की पुढची, एवढंच. क्रमांक कोणाचा ती यादी समुपदेशकांच्या कुलपात. सत्राच्या टिपणांची फाइल वेगळी, तिच्यावर फक्त क्रमांक. प्राचार्यांना आणि नॅकला आकडे द्यायचे, पण एखाद्या वर्गातून पाचपेक्षा कमी जण आले असतील तर वर्गवार आकडे द्यायचे नाहीत. 'टीवाय भूगोल : १' असं छापलं की ती एक कोण हे अख्ख्या विभागाला कळतं.

खोलीचं. पार्टिशन छतापर्यंत गेलंय का बघा. बहुतेक ठिकाणी वर दीड-दोन फूट मोकळं असतं आणि आवाज तिथून आरामात पलीकडे जातो. आत दोघांनी नेहमीच्या आवाजात सातबारा वाचायचा, बाहेर उभ्या माणसाला गट नंबर कळला तर खोली नापास. तशीही ती जागा सोडाच, प्राचार्यांच्या दाराशी उभं राहणं म्हणजे 'काय भानगड केली रे?' ग्रंथालयाच्या मागची, रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यालयाशेजारची, शिष्यवृत्तीच्या खिडकीजवळची जागा मागा, जिथे उभं राहायला मुलाकडे दुसरी दहा कारणं असतात. पाटी 'विद्यार्थी सहाय्य' एवढीच. आत टेबल मधे नको. दोन खुर्च्या थोड्या तिरप्या, मुलाची दाराकडची. भिंतीवरचं घड्याळ मुलाच्या पाठीमागे, म्हणजे मनगटाकडे न बघता समुपदेशकाला वेळ कळते. मनगटाकडे एकदा नजर गेली की बोलणारा गप्प होतो.

हिशोब. एक सत्र ४५ मिनिटांचं, मधे १५ मिनिटं टिपणाला. दिवसाला सहा, त्यातलं एक मोकळं ठेवायचं, कारण अडचण सांगून येत नाही. म्हणजे आठवड्याला ठरलेली १०. १४०० पैकी ५ टक्के आले आणि प्रत्येकाला सरासरी तीन भेटी लागल्या तर २१० सत्रं, म्हणजे २१ आठवडे. तुमचं सेमिस्टर त्याच्या आत संपतं. हा हिशोब कागदावर मांडून प्राचार्यांना द्या. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल जोडा: १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण. 'बजेट नाही' या उत्तराला यापेक्षा चांगलं औषध माझ्या पाहण्यात नाही. मात्र वर्गावर शिकवणारे, मार्क देणारे मानसशास्त्राचे प्राध्यापक समुपदेशक म्हणून नेमू नका. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे कोण मन मोकळं करणार?

'जगावंसं वाटत नाही' याबद्दल. शिक्षकाने पहिलं काम करायचं ते सरळ विचारायचं. 'असं काही डोक्यात नाही ना तुझ्या?' हा प्रश्न नव्हे, त्यात उत्तर आपणच देऊन टाकतो. 'जीव द्यावा असं मनात येतं का?' असं, त्याच शब्दांत. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं तर पुढचे तीन प्रश्न: कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठीचं काही जवळ आहे का, याआधी कधी प्रयत्न झालाय का. तिन्ही 'नाही' असतील तर त्याच दिवशी समुपदेशकांची भेट, शिक्षकाने स्वतः सोबत जाऊन. 'उद्या जा तिकडे' असं सांगून सोडलं की तो जात नाही. एकही 'हो' असेल तर एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. समुपदेशक आलेल्या नसतील त्या दिवशी १४४१६ लावायचा. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २४ तास, मोफत, मराठीत बोलतात. शिक्षकाने समोर बसून लावून द्यायचा. पोस्टर चिकटवण्याआधी एकदा स्वतः फोन करून बघा, म्हणजे कोणता आकडा दाबल्यावर मराठी येतं तेही पोस्टरवर लिहिता येईल. आणि पोस्टर नोटीसबोर्डावर असू दे, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही हवं. नंबर टिपून घेताना कोणी बघत नाही अशी कॉलेजातली तेवढी एकच जागा.

काय बोलायचं नाही तेही शिक्षकांना लिहून द्या. 'आईबापाचा विचार कर' हे वाक्य सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. आपण घरच्यांवर ओझं आहोत हेच त्या मुलाच्या डोक्यात आधीपासून घोळत असतं.

ओपीडी_सोमवार (मनोविकारतज्ज्ञ, शासकीय रुग्णालय)

वरच्या सगळ्याशी सहमत. गूगल फॉर्मचं मी सांगतो, कारण असे फॉर्म भरल्यानंतरचा गोंधळ आमच्याकडे येतो.

अशा फॉर्मात बहुधा वापरतात त्या पीएचक्यू-९ या नैराश्याच्या चाचणीत गेल्या दोन आठवड्यांवरचे नऊ प्रश्न असतात, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले की सविस्तर तपासणी हवी, याचा अर्थ नैराश्य आहेच असा नाही. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. १४०० जणांना शुक्रवारी संध्याकाळी लिंक गेली, काहींनी नवव्याला 'जवळजवळ रोज' लिहिलं आणि एक्सेल शीट सोमवारी उघडली, तर मधल्या अडीच दिवसांचं उत्तर कोण देणार? मदत मागितली आणि कोणी फिरकलं नाही, हा त्या मुलाचा निष्कर्ष. ज्या दिवशी फॉर्म त्याच दिवशी वाचणारा माणूस, आणि १० किंवा जास्त गुणांच्या सगळ्यांना आठवड्याभरात भेटण्याइतकी सत्रं, हे असेल तरच करा. तुमची सत्रं आठवड्याला दहा. समुपदेशकांकडे आलेल्यालाच समोर बसवून भरून घ्या.

आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर निदान लिहू नका. 'डिप्रेशन' असं लिहून येणाऱ्यांत हिमोग्लोबिन ७ असलेल्या आणि थायरॉइड बिघडलेल्या मुलीही असतात. आम्हाला हवं ते पाच ओळींत मावतं: काय दिसलं, कधीपासून, झोप-जेवण कसं आहे, नशा आहे का, जिवाच्या धोक्याचं काही बोलला का आणि त्याच्याच कोणत्या शब्दांत. खाली तुमचा नंबर. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ओपीडी असते. पुढची गरज लागली तर राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो आणि मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे आधी फोनवर विचारा. तालुक्याहून एसटीने येऊन खिडकी बंद दिसलेला मुलगा दुसऱ्यांदा येत नाही.

त्याच दिवशी आणायचं ते कोणाला? जिवाला धोका आहे तो तर झालाच. पण तीन-चार रात्री झोप नाही, तरी थकवा नाही, अखंड बडबड, हातात असेल नसेल तो पैसा उधळणं. किंवा कानात आवाज येणं, रूममेट जेवणात काही घालतो असा पक्का संशय, अचानक आंघोळ-जेवण सुटणं. असे मोठे आजार बरेचदा अठरा ते पंचविशीतच पहिल्यांदा डोकं वर काढतात, नेमके तुमच्या वर्गात. त्यावर 'बाहेरचं झालंय' किंवा 'गांजा मारत असेल' म्हणण्यात जे महिने जातात ते पुढे भरून निघत नाहीत.

गोळ्यांबद्दल मेंटॉरना एवढं माहीत असावं. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, मळमळ आणि पोट बिघडणं मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणून मुलं दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता, क्वचित मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत एकदा परत आणून दाखवायचंच. बरं वाटलं तरी साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करताना हळूहळू. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, आणि मग 'गोळ्यांची सवय लागली' म्हणून गावभर बोभाटा. ती सवय नव्हे.

पोलीस केसची भीती काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम नाहीच. लोकसेवकावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ आहे. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं, ती नोंद असते, मुलावर गुन्हा नव्हे. रात्री रुग्णालयात न्यायला घाबरून सकाळची वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

रात्रीचा_राउंड (वसतिगृहाचे रेक्टर)

वर्गात हजेरीवरून कळतं, पण उशिरा. वसतिगृहात मेसच्या वहीवरून आधी कळतं. सलग तीन दिवस दोन्ही वेळची खूण नाही आणि गावीही गेलेला नाही, असा कोण आहे हे मेसवाल्या मावशींना रोज विचारा. त्यांना नाव माहीत नसेल, पण 'तो ताकाला रोज येणारा' एवढं सांगतात आणि तेवढं पुरतं. दुसरी वेळ दिवाळीची. सगळे घरी जातात, मागे राहिलेल्या पाच-सहांकडे का राहिले म्हणून एकदा जाऊन बसा.

रात्रीसाठी एक कागद रेक्टरच्या टेबलाच्या काचेखाली: १०८, जवळचं चोवीस तासांचं रुग्णालय, १४४१६, समुपदेशक, प्राचार्य, गाडी असलेले दोन शिक्षक. नंबर दर महिन्याला तपासा. धोका वाटला की सोबत मोठं माणूस बसवायचं, मुलीजवळ बाई. खोलीला बाहेरून कडी अजिबात नाही. गोळ्या, धारदार वस्तू कपाटात. रूममेटला 'लक्ष ठेव रे' म्हणून रात्रभर जागं ठेवू नका, तो बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतः कोसळतो. गच्चीच्या दारांबद्दल आणि खोल्यांतल्या पंख्यांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात सूचना आहेत. कुलूप लावताना आग लागली तर बाहेर कुठून पडायचं हे आधी ठरवा.

घरी मात्र लगेच कळवावं या मताचा मी. उद्या काही झालं तर पालक पहिला प्रश्न हाच विचारणार.

दोन_खुर्च्या

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा. जिवाला धोका असेल तर कळवायचंच, तिथे गुप्तता संपते. हे पहिल्याच भेटीत पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं असतं: 'तू बोलशील ते इथेच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच सांगेन.' अठरा पूर्ण नसलेल्यांची गोष्ट वेगळी. एफवायला सतरा वर्षांची मुलं असतात, त्यांच्या उपचाराला पालकांची संमती लागते, आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पण 'घरी' म्हणजे वडिलांचाच नंबर असं नाही. मुलीचं प्रेमप्रकरण दुसऱ्या जातीतल्या मुलाशी असेल आणि त्यावरूनच सगळं पेटलं असेल, तर वडिलांना केलेला तो फोन म्हणजे आगीत तेल. 'तुझं ऐकून घेईल असं घरातलं मोठं माणूस कोण?' असं विचारा. मामा, मोठी बहीण, आत्या, कोणीतरी निघतं. त्यांना कारण सांगायची गरज नसते. 'तिला आत्ता एकटं सोडण्यासारखं नाही. आज इथे या. उद्या दहाला डॉक्टरांकडे जायचं आहे. घरी नेलंत तर शेतीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली तिला सापडेल अशी नको.' इतकंच. 'का' ते तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.

रात्रीचा_राउंड

हे पटलं. पण प्रवेशाच्या फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून तोही वडिलांचाच असतो. प्रवेशाच्या वेळीच 'अडचणीत फोन कोणाला करायचा' हा रकाना मुलाने स्वतःच्या हाताने भरायचा असा ठेवला पाहिजे.

हॉलतिकीट (परीक्षा विभाग)

तुम्ही सगळे आग लागल्यावर पाणी कुठून आणायचं ते बोलताय. निम्मी आग आमच्या खिडकीतून लागते, ते मी सांगतो.

निकाल रात्री अकराला साइटवर टाकायचे नाहीत. विद्यापीठ कधी जाहीर करेल ते आपल्या हातात नाही, पण अंतर्गत निकाल, डिटेन्शन, प्रोजेक्टचे मार्क हे आपलेच. सोमवार ते गुरुवार, सकाळी, ज्या दिवशी समुपदेशक आहेत त्या दिवशी. निकालाखालीच चार ओळी: किती विषय राहिले तर एटीकेटी मिळते, म्हणजे ते विषय बाकी ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं, छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन कुठल्या तारखेपर्यंत, फी किती, अर्ज कुठे. 'वायडी लागला', म्हणजे वर्ष वाया गेलं, म्हणून संपलंच सगळं असं समजून बसलेल्या मुलाला बरेचदा एक विषय सुटला तर पुढे जाता येतं हे कोणी सांगितलेलंच नसतं.

डिफॉल्टर लिस्ट नावानिशी बोर्डावर लावणं बंद करा. ७५ टक्के हजेरीचा नियम राहू दे, प्रत्येकाला वेगळा निरोप द्या, तोही ५० टक्क्यांवर घसरेपर्यंत न थांबता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कमी मार्कांवरून चारचौघांत पाणउतारा नको, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्या जुलैच्या निकालात आहे. आजारपणाच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यावर 'वैद्यकीय उपचार सुरू आहेत, अमुक ते अमुक तारीख' एवढं पुरतं, निदान लिहून आणण्याचा आग्रह क्लार्कने धरू नये. आणि महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचा) हप्ता आला नाही म्हणून फी थकलेल्याचं हॉलतिकीट अडवणं हा तर शुद्ध मूर्खपणा आहे. पैसा सरकारकडे अडकलेला, शिक्षा मुलाला. पेपरच्या आदल्या दिवशी खिडकीवर 'अकाउंटला विचार', अकाउंटवर 'सर आले की या', या चकरांमध्ये मुलगा रडकुंडीला येतो. हमीपत्र घ्या आणि तिकीट द्या. त्याला समुपदेशनाची नाही, शिक्क्याची गरज असते.

फळा_डस्टर

रजिस्टर काढलं. ग्रंथालयामागची जुनी झेरॉक्सची खोली मिळेल असं दिसतंय, तिथे भिंत विटांची आहे. दोन गोष्टी राहिल्या. रासेयोच्या स्वयंसेवकांना 'मित्र-समुपदेशक' करावं का? आणि मेंटॉर-मेंटीच्या जुन्या गठ्ठ्यांचं काय करू? काही फॉर्मांवर 'कौटुंबिक अडचणी' या रकान्यात मुलांनी बरंच लिहिलेलं आहे आणि ते स्टाफरूमच्या उघड्या रॅकवर आहेत.

दोन_खुर्च्या

स्वयंसेवक घ्या, नाव बदला. 'समुपदेशक' म्हटलं की ती मुलं रात्री दोनला फोन घेऊन बसतात आणि 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घेतात. त्यांचं काम तीनच गोष्टींचं: ओळखणं, सोबत चालत कक्षापर्यंत आणणं, आणि जिवाचा प्रश्न असेल तर शपथ मोडून मोठ्या माणसाला सांगणं. बारा-पंधरा जण पुरेत, मुली निम्म्या, दोन दिवसांचं प्रशिक्षण. नंतर दर आठवड्याला अर्धा तास समुपदेशकांसोबत बसवा. हा अर्धा तास सुटला तर ती योजना दोन महिन्यांत बंद करा, धोक्याची होते.

गठ्ठे आजच रॅकवरून काढून कुलपात. मग समुपदेशकांनी एकटीने चाळायचे, आणि ज्या फॉर्मवर मारहाण, मरण, पैशाची मोठी अडचण असं काही आहे त्या मुलांना या आठवड्यात बोलावून घ्यायचं. बोलावताना 'फॉर्मवर वाचलं' हे लपवायचं नाही. मेंटॉरने त्या फॉर्मवर सही करून महिने झाले असतील, तर आधी त्या उशिराबद्दल माफी मागून मग बोलायला सुरुवात करायची. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर हा रकानाच छापू नका. त्या जागी 'कोणाला भेटायला आवडेल?' असं विचारा आणि पुढे तीन चौकोन ठेवा: मेंटॉर, समुपदेशक, आत्ता कोणी नको.